आखाडातली बोंडे: मेहकरच्या कढईचा इतिहास

घाटावरच्या गावांत आषाढाला आखाड म्हणतात आणि हा महिना नुसता पाळत नाहीत, तो तळतात. ‘आखाड तळला का?’ हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात, शेजारच्या जालन्यात आणि पुढे मराठवाडाभर एका बाईने दुसरीला सहज विचारावा असा आहे. उत्तरात पदार्थांची यादी येते: गुळाच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुलगुले, घाऱ्या आणि वऱ्हाडची खास ओळख म्हणावी अशी कोहळ्याची बोंडे. पुण्या-मुंबईकडे जो लाल भोपळा, त्याला वऱ्हाडात बहुतेक घरांत कोहळे किंवा गंगाफळ म्हणतात. ते किसायचे, गुळाबरोबर शिजवायचे, त्यात मावेल तेवढी कणीक घालायची आणि लिंबाएवढे गोळे कढईत सोडायचे. बाहेरून तांबूस, कडक आणि आत मऊ, ओलसर गोड. युरोप-अमेरिकेतल्या घरांत सफरचंदाच्या फोडी पिठात बुडवून तळतात, त्या पदार्थाचे मराठी भावंड शोधायचे तर ते या बोंडात सापडते. फळ किंवा फळभाजी, पीठ, गोडवा आणि तापलेले तेल एवढ्या चार गोष्टींवर दोन्ही उभे आहेत.

या साध्या तळणाचा इतिहास मात्र साधा नाही. त्यात शेती आहे, उपास आहे, माहेर-सासर आहे, घाणा आहे, रेशनचे दुकान आहे आणि समुद्रापलीकडून आलेली पिकेही आहेत. मेहकरसारख्या गावात तो नीट पाहता येतो.

मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाण्याजवळ उगम पावलेली ही नदी पठारावरून पुढे जाते आणि मेहकर तिच्या सुरुवातीच्या टप्प्यातले जुने गाव. वऱ्हाडचे दोन भाग पूर्वीपासून मानले जातात: पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळा पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा उंच बालाघाट. बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आजही ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असा भेद बोलताना करतात. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. मेहकर, चिखली, सिंदखेड राजा, लोणार घाटावर. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली, तेव्हा वऱ्हाड सुभ्याचे जे ‘सरकार’ नावाचे विभाग त्याने नोंदवले त्यांत मेहकरचे नाव आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे महसुलाचे मोठे ठाणे होते. इथल्या मोमीन विणकरांच्या वैभवाच्या आठवणी इंग्रजी काळातल्या गॅझेटियरांनी नोंदवल्या आहेत. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती हे तर मेहकरचे आजचे सर्वांत मोठे वैभव. त्याहून मागे गेले तर महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे येतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या ग्रंथात चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांचे जेवणखाणही बारकाईने उतरले आहे. मांडे, घाऱ्या, वडे, धिरडी अशी नावे वाचताना मराठी वाचकाला परके वाटत नाही. घारी हा शब्द सातशे वर्षांहून अधिक काळ मराठी तोंडात आहे.

तळलेल्या गोडाची परंपरा त्याहीपेक्षा जुनी. ऋग्वेदातला अपूप हा धान्याच्या पिठाचा, तुपाचा सहवास लाभलेला पदार्थ; मालपुव्याचे मूळ अभ्यासक त्याच्यापर्यंत नेतात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर तिसऱ्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात पूरिका, घारिका, वटक अशी तळणाची मंडळी शेजारी शेजारी बसलेली दिसतात. ती घारिका बहुतांशी डाळीच्या पिठाची होती, आजची घारी कणकेची आणि कोहळ्याची. नाव टिकले, आतला ऐवज बदलला. असा बदल या इतिहासात पुढे वारंवार दिसतो.

आखाडच का? याचे एक उत्तर शेतात आहे. मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत पेरणी उरकते. पीक दोन पानांवर येईपर्यंत, निंदणी-डवरणीची घाई सुरू होईपर्यंत थोडी उसंत मिळते. बाहेर झड लागलेली असते. दिवस दिवस चूल सोडून जावे लागत नाही. वर्षभरात शेतकरी घरातल्या बाईला दुपारी कढईपुढे बसायला वेळ मिळतो तो असा.

दुसरे उत्तर पंचांगात. आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि पुढचे चार महिने अनेक घरांत कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. म्हणून त्याच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी: कांद्याचे भजे, कांद्याचे थालीपीठ, घरात असेल तेवढा कांदा त्या दिवशी. चातुर्मास काटेकोर न पाळणाऱ्या घरांतही कांदेनवमीचे भजे होतातच. महिनाभर गावोगाव मरीआईला आणि लक्ष्मीआईला मंगळवारी-शुक्रवारी नैवेद्य जातो, त्यातही तळण असते. महिना सरतो तो दिव्यांच्या अवसेला, तेव्हा कणकेचे गोड दिवे होतात. एकादशीच्या आधी तळायचे ते कांद्याच्या ओढीने आणि नंतर तळायचे ते देवीसाठी, लेकीसाठी.

लेकीचा भाग सगळ्यांत हळवा. नव्या नवरीने पहिला आखाड सासरी काढू नये, सासू-सुनेने या महिन्यात एकमेकींचे तोंड पाहू नये, असा समज महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत होता आणि काही घरांत अजून आहे. माहेरचा मुराळी येऊन लेकीला घेऊन जाई. परत पाठवताना तिच्याबरोबर तळणाची शिदोरी जाई, कारण गुळाच्या कापण्या आणि पुऱ्या दमट हवेतही आठ-दहा दिवस टिकतात. ज्या लेकीला येता आले नाही तिच्याकडे डबा जाई. बोंडे मात्र टिकत नाहीत. कोहळ्याच्या ओलाव्यामुळे दुसऱ्या दिवशीच ती नरम पडतात. म्हणून बोंडे घरात बसून, गरमच खायची. डब्यात जाते ते कोरडे तळण. कुठला पदार्थ घरासाठी आणि कुठला प्रवासासाठी, याची ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून झालेली आहे. ती कुणी लिहून ठेवली नव्हती, पण चुकतही नव्हती.

वैद्यकाचाही एक आधार पुढे करतात आणि तो खोटा नाही. चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत वर्षाऋतूत अग्नी मंद असतो असे म्हटले आहे. म्हणून ऐन तळणाच्या दिवसांत पोटाला जड देऊ नये असे वाटेल. पण त्याच ठिकाणी वारा-पावसाच्या थंड दिवशी आंबट, खारट आणि स्निग्ध अन्न विशेष करून घ्यावे, असाही सल्ला आहे. झडीच्या दिवशी गरम भज्यांची आठवण होणे ही निव्वळ जिभेची चैन नव्हे.

इथे थोडे लांब पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ती जगात ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपास असतो. जुन्या काळी त्यात मांस, अंडी, लोणी-चरबी हे सगळे बंद. त्यामुळे उपास लागण्याच्या आदल्या दिवसांत घरातली चरबी आणि अंडी संपवून टाकायची, ती तळणात. जर्मन घरांतले क्राफेन, पोलंडमधले पाँचकी, इंग्लंडमधले मंगळवारचे पॅनकेक हे सगळे त्या मुहूर्तावरचे पदार्थ. सफरचंदाची भजीही त्याच चुलीवरची. १३९० च्या सुमारास इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी ‘फोर्म ऑफ क्युरी’ नावाचा पाकसंग्रह तयार केला, त्यात सफरचंद आणि कंदमुळे पिठात बुडवून तळण्याची कृती आहे. हॉलंडमध्ये आजही वर्षाच्या शेवटच्या रात्री सफरचंदाच्या तळलेल्या चकत्या घराघरांत होतात. आधी तळण, मग संयम हा क्रम मेहकरच्या कांदेनवमीत आणि युरोपच्या उपासपूर्व मंगळवारात सारखाच. एकाने दुसऱ्याकडून तो घेतल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि तसे मानायची गरजही नाही. जिथे दीर्घ उपास आहे तिथे त्याच्या उंबरठ्यावर कढई चढते.

आता कोहळ्याकडे वळू. आखाडातली बोंडे परंपरेची, आजीच्या आजीची म्हणून आपण सांगतो, पण लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतरच्या शतकांत मिरची, भुईमूग, बटाटा, पेरू यांच्याबरोबर तो जगभर पसरला आणि पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे हिंदुस्थानात आला. लीळाचरित्रातल्या घारीत हा भोपळा असणे शक्यच नाही. पण तो आला आणि वऱ्हाडच्या मातीत असा रुजला की उकिरड्याच्या कडेला, गोठ्याच्या छपरावर वेल चढवला की फारसे न बघता फळे देऊ लागला. पिकलेले फळ आढ्याला टांगून महिनोन्‌महिने राहते. फ्रिज नव्हता तेव्हा आखाडात, जुनी भाजी संपलेली आणि नवी अजून आलेली नाही अशा दिवसांत, घरात गोड गर असलेली एकच गोष्ट हमखास असे: दिवाळीनंतर उतरवून टांगलेले कोहळे. परक्या फळाने इथल्या पंचांगातली रिकामी जागा नेमकी भरली. बोंड हा पदार्थ म्हणजे त्या जागेचे नाव.

पीठ कणकेचे, तेही लक्षात घ्यावे. हा मुलूख ज्वारीचा आणि कपाशीचा. गहू रब्बीचा, रोजच्या ताटात भाकरी. गव्हाचे पीठ सणासुदीला, पाहुण्याला, तळणाला निघे. आज रोज पोळी खाणाऱ्या घराला कणकेच्या गुलगुल्यात विशेष काय आहे हे कळणार नाही. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तो गव्हाचा वास सणाचा वास होता. गुलगुले केवळ हिंदू घरांतले नव्हेत. दख्खनच्या मुसलमान घरांत मशिदीचा ताक, म्हणजे कोनाडा, भरताना ‘रहम’ नावाचा गोड पदार्थ आणि गुलगुले नेण्याची रीत जुनी आहे. विणकरांच्या मेहकरात दोन्ही परंपरांच्या कढया शेजारशेजारच्या गल्ल्यांत चढत आल्या. गूळ, कणीक, तेल हा ऐवज दोन्हीकडे एकच.

तळणाचा खरा इतिहास तेलाचा. हा भाग सगळ्यांत कमी सांगितला जातो, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

घरातले तेल पूर्वी गावच्या घाण्यावरून येई. बैल फिरे, लाकडी उखळीत लाट फिरे आणि शेतकऱ्याने स्वतः नेलेली करडई, तीळ किंवा जवस यांचे तेल गाळून मिळे. पेंड गुरांना जाई. तेली हा गावगाड्यातला महत्त्वाचा माणूस. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे या व्यवसायातलेच होते. घाण्याचे तेल थोडे निघे आणि ताजे निघे, त्यामुळे ते जपून वापरायचे. रोजच्या भाजीत पळीभर, जवसाच्या किंवा तिळाच्या चटणीवर धार. कढई भरून तेल ओतणे ही वर्षातून मोजक्या वेळी करायची गोष्ट होती: दिवाळी, महालक्ष्म्यांचा फुलोरा, लग्न, पितृपाटातले वडे आणि आखाड. तळलेले अन्न दुर्मीळ होते म्हणून ते देवीला चालायचे, लेकीला पाठवायचे. ही गोष्ट विसरली की आखाड तळण्याचे मोल समजत नाही.

तेल इतके मोलाचे असल्याने तळणाला शिस्तही होती. आधी गोड तळायचे, मग पुऱ्या आणि शेवटी कांद्याचे किंवा मिरचीचे भजे. उलटे केले तर मसाल्याचा जळका गाळ आणि वास गोडाला लागतो. उरलेले तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीत संपवायचे, पुन्हा तळणाला घ्यायचे नाही. करडईच्या तेलात तळलेल्या बोंडाला किंचित कडवट, गवताळ गंध असतो. ज्यांनी तो लहानपणी घेतला आहे त्यांना पाकीटबंद तेलातले बोंड अपुरे वाटते आणि त्यांचे ते वाटणे योग्यच आहे.

पहिला मोठा बदल भुईमुगाचा. हेही अमेरिकेतून आलेले पीक, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात झपाट्याने वाढले. त्याचे तेल सौम्य वासाचे, जास्त ताप सोसणारे आणि मुबलक. तळणाला याहून चांगले तेल क्वचित सापडेल. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने, ज्याला आज डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर ‘टॅग-२४’ हे भुईमुगाचे वाण दिले. ‘TAG’ या अक्षरांतला ‘A’ अकोल्याचाच. मधल्या काळात कापसाने या मुलखाचा चेहरा बदलला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला. घाटाखाली जिनिंग-प्रेसिंग वाढले. मेहकरला आजही रेल्वे नाही. माल बैलगाड्यांनी आणि पुढे ट्रकने घाट उतरून जाई. जिनिंगमधून निघणारी सरकी तेव्हा गुरांचे खाद्य होती. तिचे तेल शुद्ध करून माणसाच्या ताटात आले ते विसाव्या शतकात.

मग डबे आले. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आले आणि पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड खेड्यापाड्यांत ओळखीचे झाले. रिकामा डबा तर घरोघरी पीठ-डाळीला, अगदी तुळशीलाही कामी आला. साजूक तूप परवडत नाही पण तुपासारखे काही हवे, अशा घरांनी शंकरपाळ्यांना डालडाचे मोहन घातले. त्या चवीला पुढे दोन पिढ्या सरावल्या. त्यातल्या कृत्रिमरीत्या घट्ट केलेल्या स्निग्धांशाचे हृदयाला होणारे नुकसान उशिरा कळले.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आयात केलेले पामतेल रेशनच्या दुकानात मिळू लागले. थंडीत ते गोठायचे, त्यामुळे डबा उन्हात ठेवून मग ओतायची पाळी येई. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी विशेष तंत्रज्ञान मोहीम काढली आणि काही वर्षे देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि चित्र पुन्हा पालटले. याच काळात घाटावरच्या शेतांत सोयाबीन घुसले. पूर्व आशियातले हे पीक मध्य प्रदेशातून विदर्भात उतरले आणि बघता बघता खरिपातल्या ज्वारी, मूग, उडीद, तीळ यांच्या जागा घेऊन बसले. आज मेहकर-चिखली-लोणारचा पट्टा सोयाबीनचा म्हणून ओळखला जातो. आखाडात मेहकरहून कुठेही निघा, दोन्ही बाजूंना गुडघ्याखालचे हिरवे सोयाबीन असते. आणि शेतातले ते सोयाबीन घरी येत नाही. ते बाजार समितीतून तेलगिरणीत जाते आणि तेल पाकिटातून परत येते. आजोबांना आपल्या बोंडातली करडई कुठल्या वावरातली हे माहीत असे. नातवाला ते सांगता येणार नाही. तेल स्वस्त झाले, तळण रोजचे झाले, चौकाचौकांत भजे निघू लागले. आखाडाचा मान कमी झाला तो श्रद्धा आटल्यामुळे नव्हे. तेल मुबलक झाल्याने कढईला मुहूर्त उरला नाही.

एक घटक मात्र मेहकरच्या अगदी दारात आहे. लोणार पूर्वी मेहकर तालुक्यातच होते. उल्कापाताने झालेल्या तिथल्या सरोवराचे पाणी खारट आणि क्षारयुक्त. ‘आईन-इ-अकबरी’तही तिथे काच आणि साबणाला लागणारा माल निघतो अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर साठणारा खार गोळा करण्याचा धंदा निजामाच्या आणि इंग्रजांच्या काळात चाले. पापडी, दल्ला, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावे होती. या खारातला मुख्य भाग सोडियमचे कार्बोनेट, म्हणजे पापडखार आणि खाण्याचा सोडा ज्या कुळातले तेच कूळ. गुलगुल्याच्या पिठात सोड्याची चिमूट का घालतात हेही यावरून समजते. गुळात थोडी आम्लता असते, सोडा तिच्याशी मिळून वायू सोडतो आणि गोळा तेलात फुगतो. सोडा नसलेल्या घरांत पीठ रात्रभर भिजत ठेवत किंवा त्यात आंबट दही घालत. काम तेच, वेळ जास्त, चव अधिक चांगली.

आता सफरचंद. मध्य आशियातल्या, आजच्या कझाकस्तानातल्या डोंगरांतले हे फळ. काश्मिरात जुने, हिमाचलात त्याची बागायत १८७० च्या सुमारास कॅप्टन ली याने कुलूजवळ बंदरोलला सुरू केली. १९१६ च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने कोटगडला ‘रेड डिलिशस’ची कलमे आणली. स्टोक्स पुढे सत्यानंद झाला, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेला आणि कोटगडच्या शेतकऱ्याला सफरचंदाने सुखवस्तू केले. वऱ्हाडात हे फळ रेल्वेने आले आणि बराच काळ दवाखान्याच्या उशाशीच राहिले. आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचे फळ, एकाचे चार जणांत काप. ते कापून पिठात बुडवून तळायची कल्पना कुणाला सुचणे शक्य नव्हते, कारण इतके महाग फळ कुणी कढईत घालत नाही. संत्रे नागपूरचे, केळी खानदेशाची, ती स्वस्त. म्हणून पिकलेल्या केळ्याचे भजे आणि बोंडे वऱ्हाडात झाली, सफरचंदाची झाली नाहीत.

गेल्या काही दशकांत रस्ते बदलले. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि तो मेहकरजवळून जातो. हातगाडीवर सफरचंद आता केळ्याशेजारी असते. आणि हंगामाचा मेळ पाहा: हिमाचलातल्या लवकर येणाऱ्या जाती जुलैच्या मध्यापासून बाजारात उतरतात, म्हणजे नेमक्या आखाडात. श्रावण-भाद्रपदात तर फळ भरपूर.

घरी करायचे तर दोन वाटा आहेत. एक युरोपची: साल काढून, मधला बियांचा भाग कोरून अर्ध्या बोटाच्या जाडीच्या गोल चकत्या करायच्या, काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू चोळायचे, आधी कोरड्या पिठात घोळवायच्या म्हणजे वरचे पीठ निसटत नाही, मग कणीक किंवा मैदा, थोडी तांदळाची पिठी, दूध, चिमूटभर मीठ आणि सोडा यांच्या दाटसर पिठात बुडवून मध्यम आचेवर तळायच्या. पिठाचा थेंब तेलात टाकताच लगेच वर आला आणि करपला नाही, की तेल योग्य तापले. वरून दालचिनी-साखर. दुसरी वाट आपली: सफरचंद किसून गुळाबरोबर पाणी आटेपर्यंत शिजवायचे, वेलची-जायफळ घालून मावेल तेवढी कणीक मळायची आणि बोंडे सोडायची. लाल, पिठूळ ‘डिलिशस’ चकत्यांना बरे नाही, ते तेलात लगदा होते. त्याला किसाची वाटच मानवते. आंबट, कडक फळ मिळाले तरच चकत्या कराव्यात. दोन्हींत बोंडाची वाट सरस आहे, असे इथे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. गूळ सफरचंदाच्या आंबटपणाला धरून राहतो, साखर नुसती वर बसते. शिवाय कोहळ्याने चार शतकांपूर्वी जे केले तेच सफरचंद आता करते आहे: बाहेरून येऊन आखाडातल्या जागेवर बसते आहे.

कढईचा सार्वजनिक अवतारही मेहकर परिसरात आहे. पंढरपूरहून परतणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढ सरताना किंवा श्रावणाच्या तोंडाशी लोणार-मेहकर-जानेफळ या वाटेने शेगावकडे जाते आणि वाटेवरची घरे वारकऱ्यांसाठी चुली पेटवतात. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाचा विवेकानंद जयंती उत्सव दर वर्षी जानेवारीच्या सुमारास होतो. तिथला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद लाखाच्या पंगतीला ट्रॅक्टरमधून वाढला जातो. गावोगावच्या बाया-माणसांनी लाटलेल्या आणि तळलेल्या पुऱ्यांचे ते प्रमाण पाहिले की या मुलखाला तळण म्हणजे वाटून खाण्याची गोष्ट का वाटते ते कळते.

छापील पाकशास्त्रात मात्र हे फारसे उतरलेले नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघाले, मराठीतल्या पहिल्या छापील पाकग्रंथांपैकी ते एक. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. ही मोठी, उपयोगी पुस्तके आहेत. पण त्यांची चूल पश्चिम महाराष्ट्राची आणि शहराची. घाटावरच्या आखाडाला त्यांत हक्काचे पान नाही. कोहळ्याची बोंडे, करडईचे तेल, कुठले तळण लेकीच्या डब्यात आणि कुठले घरात, आधी गोड मग तिखट हा क्रम, हे सगळे आजवर तोंडी चालत आले. करडईच्या तेलात आखाड तळलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजा इथल्या वाचकांनी या आखाडात आपल्या घरातल्या अशा आजीजवळ बसावे आणि तिची कृती उतरवून घ्यावी: पदार्थ, पीठ, तेल, दिवस आणि तो कुणासाठी तळला जाई, हे सगळे, तिच्याच शब्दांत.